खाणीकडचा खांब

१

रविवारी चर्च सुटल्यावर लेनोरा बिक्सलर माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "एल्झी, खांब गेला."

मी कॉफी ओतत होतो. तिच्याकडे पाहिलं आणि किटली खाली ठेवली. चौतीस वर्षांत मी तिला कोट उलटा घातलेला कधी पाहिला नव्हता. आज तिचा कोट उलटा होता.

"कुठला खांब?"

"हालूश्काचा. कपाटातला. कुलूप जागच्या जागी, काच धड, आणि खांब नाही."

आमचं टॅरंट कॉलेज ओहायोतलं एक लहानसं कॉलेज. गाव बेल्स फोर्ड. गावाला दगडाची खाण आणि खाणीच्या काठाला कॉलेजचं फुटबॉल स्टेडियम. १९२६ साली खाणीतल्या लोकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून दगड रचून ते उभं केलं. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना उंच खांबांची जोडी असते; पायाने मारून त्यांच्या मधून, आडव्या दांडीवरून घालवला तर तीन गुण. १९३४ च्या ऑक्टोबरात आमच्या पोरांनी राजधानीच्या बलाढ्य विद्यापीठाला असंच तीन–शून्य हरवलं. ती लाथ अँडी हालूश्काची. खाणकामगाराचा मुलगा, स्वतःही सुट्टीत खाणीत राबणारा.

मोठा सामना जिंकला की लोक मैदानात घुसतात, खांब उपटतात आणि करवतीने तुकडे करून घरी नेतात. त्याची कोणी तक्रार करत नाही. मैदान राखणारा सोमवारी शिव्या घालत नवे खड्डे खणतो, एवढंच. त्या दिवशीचा हातभर तुकडा अँडीच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं होता. मग त्याने तो कॉलेजला दिला. स्टँडच्या खालच्या दगडी खोलीत, काचेच्या कपाटात, तो तेव्हापासून पडून होता. आणि ती खोली लेनोराच्या ताब्यात होती, कारण कॉलेजचं ग्रंथालय आणि जुने कागद तीच सांभाळते.

"किल्ली?" मी विचारलं.

तिने गळ्यातली दोरी ओढून दाखवली. "एक ही. दुसरी अध्यक्ष मेरिकबाईंच्या तिजोरीत, लाखेने बंद. मी सकाळीच पाहून आले. लाख तशीच आहे."

"म्हणजे..."

"म्हणजे मीच. डॉक्टर मेरिक तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, 'लेनोरा, उद्या नऊला या, आणि तोपर्यंत काही सांगण्यासारखं सापडलं नाही तर किल्ल्या घेऊन या.' निवृत्तीला चौदा महिने राहिलेत रे माझ्या. आणि गावात काय म्हणतील? बिक्सलरबाईने लाकूड विकलं."

मी सत्तेचाळीस वर्षांचा असताना या बाईने मला अक्षरं शिकवली. केंटकीच्या डोंगरातून सोळाव्या वर्षी खाणीवर आलो, नंतर मैदान राखलं, आणि इतकी वर्षं बियाण्याच्या पिशव्या चित्रं पाहून ओळखल्या. काम संपल्यावर चिखलाच्या बुटांनी तिच्या टेबलाशी बसायचो. ती कधी बुटांबद्दल बोलली नाही. फक्त खाली वर्तमानपत्र पसरायची आणि म्हणायची, "आज पायाखालचं वाच."

"काल शेवटचं कधी पाहिलंस?"

"बाराला. होमकमिंगचा शनिवार, जुने विद्यार्थी येऊन पाहून गेले. सामना सुरू झाल्यावर दार नुसतं लोटलं, दरवर्षीसारखं. कपाटाला कुलूप असतं ना! सामना संपल्यावर मी म्हाताऱ्या पाहुण्यांच्या गाड्या बघत बसले. आत गेले ती आज सकाळी."

"बाराला कोण कोण होतं?"

"डेनलिंगर होता, नव्या स्टँडचे नकाशे काढणाऱ्या दोघांना घेऊन. ट्रेडवे सर होते. आणि अँडीची मुलगी आयरीन, अक्रोड भरलेले गोड कोलाच कापून विकायला घेऊन. बाकी सगळे बाहेरगावचे, हातात काठ्या धरलेले."

"चल," मी म्हणालो. "आधी तो कोट सुलट कर."

२

खोलीत दगडाचा गारवा होता. कपाट भिंतीला लागून, चेरीच्या लाकडाचं, वर पांढरा रंग. आत चांदीचे दोन चषक, एक जुना चामडी टोप, पहिल्या सामन्याची शिट्टी. मधली फळी रिकामी.

"चषक नेले नाहीत," मी म्हणालो.

"तेच तर. चांदी सोडून लाकूड कोण नेतं?"

फळीवर नावाचं कार्ड होतं. ते पालथं होतं. लेनोराने कुलूप उघडून ते उचललं. तिच्याच अक्षरात लिहिलेलं: 'विजयी चेंडू ज्यावरून गेला त्या खांबाचा तुकडा. २७ ऑक्टोबर १९३४.'

"पडलं असेल," ती म्हणाली.

"पडलेलं कार्ड फळीच्या कडेला समांतर राहत नाही. कोणीतरी हाताने पालथं घातलंय. लाकूड नेणाऱ्याला हा मजकूर डोळ्यांसमोर नको होता."

मी गुडघ्यावर बसलो. गुडघ्यांनी दोन शब्द सुनावले. मैदानावर रेघ वाकडी आली तर ती उभ्याने दिसत नाही, डोळा जमिनीला लावावा लागतो. कपाटाच्या दाराच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या. डाव्या बाजूच्या दोन्ही बिजागऱ्यांच्या खिळींवर रंगाचा जुना थर होता, पण खिळीच्या डोक्याभोवती तो केसाएवढा तडकला होता. खाली दगडावर पांढऱ्या रंगाच्या चार बारीक टिकल्या.

"लेनोरा, कुलपाला हात कोणी लावलाच नाही. खिळी उपटल्या, दार उलट्या बाजूने उघडलं, काम झाल्यावर खिळी परत ठोकल्या. आणि ठोकल्याचा आवाज बुडवेल असा गोंगाट मध्यंतरातल्या बँडचाच."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. "म्हणजे मी नाही?"

"म्हणजे कोणीही."

"कोणीही, म्हणजे त्यात लेनोराबाईसुद्धा आल्या," दारातून आवाज आला. क्रीडा विभागाचा प्रमुख रॉस डेनलिंगर उभा होता. चाळिशीचा, रविवारीसुद्धा गळ्यात शिट्टी. "अध्यक्षबाईंनी पाठवलं. काका, तुम्ही रिटायर झालात ना? मग गुडघ्यावर काय करताय? प्रार्थना?"

"तुझ्यासाठीच करतोय. काल मध्यंतरात कुठं होतास?"

"आला! पोलीस आला!" तो हसला. "हे बघा, सगळ्या गावाला माहीत आहे, मला हा जुना स्टँड पाडायचाय. शुक्रवारी विश्वस्तांची सभा आहे. पण मी चोर असतो तर एक लाकूड कशाला नेईन? ही सगळी खोली नेली असती, दगडासकट."

"मध्यंतर, रॉस."

"मैदानाच्या मधोमध. पोरांनी निवडलेल्या होमकमिंगच्या राजा-राणीच्या डोक्यावर मुकुट घालत होतो. दोन हजार साक्षीदार. राणीच्या केसात मुकुट अडकला, तो सोडवायला तीन मिनिटं गेली. तुम्हीही होतात की समोर, साखळी घेऊन."

खरं होतं. दहा यार्ड पुरे झाले की नाही ते मापायची साखळी मी अजून धरतो, पाहुण्यांच्या बाजूला. मी त्याला मुकुटाशी झटताना पाहिलं होतं.

"आणि हातोडी धरता येते का तुला?"

"मला बायको चित्रं टांगू देत नाही," तो म्हणाला. मग लेनोराकडे वळून जरा खालच्या आवाजात: "बाई, मला तुमच्याबद्दल तसं वाटत नाही. पण ट्रेडवे सरांशी तुमचं भांडण झालं होतं म्हणे या लाकडावरून?"

मी लेनोराकडे पाहिलं. ती कार्ड हातात फिरवत होती.

"ते तू मला सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

३

हॉलिस ट्रेडवे सर निवृत्त झाल्यापासून स्टेडियमचा इतिहास लिहीत होते. ऐंशी वर्षं पूर्ण होत होती, वसंतात पुस्तक यायचं होतं. मी गेलो तेव्हा ते अंगणात मेपलची पानं गोळा करत होते.

"सर, वाऱ्याच्या तोंडावर दाताळं मारताय. असं ख्रिसमसपर्यंत चालेल."

"एल्झी, मी इतिहासाचा माणूस. मला मागे जायची सवय." त्यांच्या तळहातावर दोन फोड आले होते. दाताळ्याचा दांडा त्यांनी आधीच एकदा मोडून दोरीने बांधला होता. या हातांनी एवढा कमी रंग उडवून खिळी निघणं शक्य नव्हतं. तरी विचारलं.

"लेनोराशी कशावरून वाजलं?"

"मला त्या लाकडाची ढलपी हवी होती. तपासायला. ती म्हणाली, माझ्या जिवंतपणी नाही. मी म्हणालो, मग तुझ्या नंतर." ते शरमले. "असं बोलायला नको होतं."

"कशासाठी तपासायची होती?"

त्यांनी दाताळं झाडाला टेकवलं. "तुझ्यामुळेच की. विसरलास?"

विसरलो नव्हतो. फक्त जोडलं नव्हतं. एप्रिलमध्ये मैदानाच्या दक्षिण टोकाला, खाणीकडच्या बाजूला, निचऱ्याचा चर खणताना माझी कुदळ लोखंडाला लागली होती. काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवलेले जाड नळाचे दोन बुंधे. काँक्रीट ओलं असताना कोणीतरी बोटाने साल लिहिलेलं: १९३३. जुने गोलचे खांब! मी फुशारकीने धावत जाऊन सरांनाच आधी सांगितलं होतं.

"मग बघ," सर बोटं मोडत म्हणाले, वर्गात मोडायचे तशी. "चौतीसच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र माझ्याकडे आहे. हालूश्काची लाथ 'खाणीकडच्या खांबांवरून' गेली, स्पष्ट लिहिलंय. खाणीकडे तेहेतीसपासून लोखंड होतं. तूच खणून काढलंस. लोखंडाच्या खांबातून ओकचा तुकडा निघत नाही."

"म्हणजे खांब खोटा."

"खांब खोटा. आणि ज्याने तो सत्तावीस वर्षं मिरवला आणि मग कॉलेजच्या गळ्यात बांधला, तो..." त्यांनी वाक्य सोडलं. "मला अँडी आवडायचा रे. पण इतिहास लिहायचा तर लिहायचा. पुस्तकात तसं येणार."

"हे लेनोराला ठाऊक होतं?"

"नाही. मी म्हटलं, खात्री करून सांगू. म्हणून तर ढलपी."

"आणखी कोणाला?"

त्यांनी दाताळं उचललं आणि पुन्हा टेकवलं. पानं पुन्हा अंगणभर पसरली.

"एकाच माणसाला. छापील पुस्तकात वाचून कळण्यापेक्षा आपण तोंडाने सांगावं, एवढी माणुसकी मला आहे. गुरुवारी जाऊन सांगितलं."

त्यांनी नाव घेतलं. त्याच क्षणी मला कालचा शनिवार दिसला, आणि त्यातली एक गोष्ट अशी लखलखीत दिसली की मी सरांचा निरोपही घेतला नाही.

४

काल बोचरा वारा होता, खाणीकडून येणारा. साखळी धरणारा माणूस पाहुण्यांच्या बाजूला उभा असतो, त्याला समोरचा स्टँड फोटोसारखा दिसतो. मध्यंतरानंतर, तिसऱ्या डावात, सगळा स्टँड गोधडीसारखा झाला होता. आमच्याकडे ऑक्टोबरच्या सामन्याला प्रत्येक घरातून एक लोकरी घोंगडी येते. दगडाची पायरी बर्फासारखी असते, अर्धी घोंगडी खाली, अर्धी मांडीवर.

एका बाईच्या शेजारी घोंगडी होती, पण घट्ट गुंडाळी केलेली. ती बाई दोन्ही हात काखेत घालून, दगडावर तशीच बसून कुडकुडत होती. मध्यंतराआधी तीच घोंगडी तिच्या मांडीवर पाहिली होती. मी तेव्हा मनात म्हटलं, म्हातारे झालो आपण, घोंगडी उलगडायचंही सुचत नाही.

आयरीन हालूश्काने दार उघडलं. सदुसष्ट वर्षांची, गावातल्या दोन पिढ्यांना बेरीज-वजाबाकी शिकवलेली. लग्न केलं नाही, बापाला शेवटपर्यंत सांभाळलं.

"ये एल्झी. कोलाच आहे."

"काल थंडी वाजली का गं?"

ती सुरी घेऊन कापत होती. सुरी थांबली.

"वाजायचीच. ऑक्टोबर आहे."

"घोंगडी होती तुझ्याजवळ."

"होती."

"आत काहीतरी गुंडाळलेलं असलं की घोंगडी उलगडता येत नाही."

मी खुर्चीत बसलो आणि एकेक सांगत गेलो, तिच्याकडे न बघता. "नेणाऱ्याला चांदी नको होती. त्याला कार्डावरचा मजकूर सोसत नव्हता, म्हणून ते पालथं घातलं. फेकलं नाही, कारण दुसऱ्याच्या हाताचं अक्षर फेकायची त्याला सवय नाही. शाळेतला माणूस. कुलूप न उघडता दार निघतं हे त्याला ठाऊक होतं. आणि मध्यंतरात जुन्या वादकांचा बँड वाजत असताना कोणाला ठोकल्याचं ऐकू येणार नाही, हेही. ते कपाट कोणी बनवलं होतं गं?"

"बाबांनी. एकसष्ट साली. कॉलेजचे सुतार होते तेव्हा." तिने सुरी पालथी केली. टोक वाकलं होतं. "खिळी मी हातात दिल्या होत्या त्यांच्या. ते म्हणाले, काच फुटली तर कुलूप मोडायला नको, इथून दार काढायचं. याच सुरीने काढलं. अर्धा कोलाच विकून झाला होता."

"लेनोरावर आळ आलाय."

"काय?"

"उद्या नऊला तिच्या किल्ल्या जाणार."

आयरीन खुर्ची ओढून बसली. तिला हे खरोखर माहीत नव्हतं. "मला वाटलं, हरवलं म्हणतील. ऐंशी वर्षांत काय काय हरवलंय त्या स्टेडियमात! सर म्हणाले, वसंतात पुस्तक येणार. म्हटलं, लाकूडच नसेल तर त्यावर कोणी लिहिणार नाही. आपोआप विसरतील. लेनोराचा विचारच..." तिने तोंडावर हात धरला. मग उठून आतून घोंगडी आणली आणि टेबलावर उलगडली.

ओकचा तुकडा, एका बाजूला पांढऱ्या रंगाचे पापुद्रे, दुसरीकडे करवतीचे दात.

"बाबांनी आयुष्यात कोणाचं एक नाणं बुडवलं नाही," ती म्हणाली. "मग हे का? चौथीतली पोरं उत्तर चोरतात, तेव्हा मी विचारायची, का चोरलंस? काहीतरी सांगतात. याचं उत्तर मला कोण देणार आता?"

मी ते लाकूड हातात घेतलं. रंग जुना होता, चुन्याचा, आत मुरलेला. असा रंग घराच्या लाकडाला देत नाहीत. मैदानावरच देतात.

"आयरीन, खांब उपटले, की सोमवारी काय करावं लागतं?"

"मला काय माहीत?"

"खड्डे खणावे लागतात. आणि खड्डे खणणारा माणूस ते जन्मभर विसरत नाही. कोट घाल."

५

मैदानाच्या कडेला अवजारांची कोठी आहे. तिथं रंगाच्या डब्यांमागे माझ्या आधीच्या मैदान राखणाऱ्यांच्या रोजवह्या होत्या. पाऊस किती, गवत कधी कापलं, बी कोणतं पेरलं. वाचायला आल्यावर मी पावसासाठी त्या उघडायचो, पण माझ्या ओळखीच्या माणसांच्याच. सगळ्यात जुनी वही गॉटलीब रूफची, पहिल्या माणसाची. तिचं अक्षर इतकं तिरकं की मी तिच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. आणि ट्रेडवे सर जन्मभर कागद शोधत फिरले, पण कोठीत कागद असतात हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आयरीनला वाचू दिलं असतं तर पटकन झालं असतं. पण ती वहीला हात लावेना. मीच बोट लावून वाचलं, मोठ्याने, एकेक शब्द.

"'शनिवार, सत्तावीस. सामना जिंकला. गर्दी खाणीकडच्या खांबांवर तुटून पडली. तीस-चाळीस माणसं लोंबकळली. गेल्या साली आम्ही नळ रोवले ते हलले नाहीत. एकाचा खांदा निखळला.'"

मी श्वास घेतला. पुढची ओळ आणखी तिरकी होती.

"'मग सगळे मैदान ओलांडून गावाकडच्या टोकाला पळाले आणि तिथले लाकडी खांब उपटले. हालूश्काला कोणी खांद्यावर घेतलं होतं, त्याचं तोंड दुसरीकडे होतं. त्याला खाली उतरवून हातात तुकडा दिला. सोमवार. गावाकडे दोन खड्डे. कंबर गेली.'"

बाहेर वारा होता. आयरीन डब्यांच्या फळीला धरून उभी होती.

"म्हणजे दुसऱ्याच टोकाचे उपटले," ती म्हणाली.

"जिंकलेल्या गर्दीला टोक कळत नाही. जे निघतं ते उपटतात. तुझ्या बाबांना जे दिलं ते त्यांनी घेतलं. त्यांना वाटलं, हाच तो. कोणालाही वाटलं असतं. तुकडा त्याच दिवसाचा, त्याच मैदानाचा. खोटं कोणी बोललंच नाही."

ती हसली आणि तिला रडू आलं, दोन्ही एकदम. "आणि मी चोरी केली!"

"ती केलीस."

मी तिला माझा बेत सांगितला. लाकूड कपाटामागे सरकवून ठेवू. सकाळी मला सापडेल. फळी सैल होती, मागे घसरलं, झालं. लेनोरा सुटेल, तुझं नाव येणार नाही. शुक्रवारी विश्वस्त आहेत, मोठी माणसं, हालूश्का नावाला बट्टा कशाला? आयरीनने होकाराची मान हलवली. मला वाटलं, सगळं जमलं.

फक्त लेनोराला सांगणं राहिलं होतं. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात गेलो, लाकूड टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. लेनोराने वही दोनदा वाचली. मग माझा बेत ऐकला.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, किल्ल्या जातील तुझ्या!"

"जाऊ देत. चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, की जे झालं ते तसंच लिहा. आता पेन्शनसाठी 'मागे घसरलं' असं लिहू? गॉटलीब रूफने कंबर मोडून खरं लिहिलं म्हणून आज अँडी सुटला. त्याच्या वहीशेजारी मी खोटं ठेवणार नाही." ती आयरीनकडे वळली. "मी तुझं नाव सांगणार नाही. ते तुझं तू बघ. पण घसरल्याचंही सांगणार नाही. विचारलं तर म्हणेन, परत आलं, कोणी आणलं ते सांगत नाही. मग त्यांना काय करायचं ते करू देत."

"अशाने तुलाच धरतील," मी म्हणालो.

"धरतील."

आयरीनने लाकूड घोंगडीत पुन्हा गुंडाळलं आणि निघून गेली. खिडकीतून मी तिला वळणापर्यंत पाहिलं. ती थांबली नाही.

६

सोमवारी पावणेनऊला लेनोरा किल्ल्या मुठीत घेऊन अध्यक्षबाईंच्या दाराबाहेर बसली होती. मी शेजारी बसलो. डेनलिंगर आला, ट्रेडवे सर आले, त्यांच्या तळहातांना पट्ट्या होत्या. नऊ वाजले. दार उघडलं.

"आत या," डॉक्टर मेरिक म्हणाल्या. "एक पाहुण्या साडेआठपासून आलेल्या आहेत."

आयरीन आत बसली होती. रविवारचा कोट, मांडीवर घोंगडी. आम्हाला पाहून ती उठली, शाळेत मुलं उभी राहतात तशी.

"मी सांगितलंय यांना," ती म्हणाली. "पण लेनोरासमोर पुन्हा सांगते. शनिवारी मध्यंतरात मी कपाटाच्या खिळी काढल्या आणि तुकडा नेला. सरांनी सांगितल्यावर मला वाटलं, बाबा खोटारडे ठरतील. लेनोराचा यात काही संबंध नाही. आणि बाबांचाही नाही. एल्झी, वही दे."

मी वही दिली. अध्यक्षबाईंनी वाचली, मग ट्रेडवे सरांनी वाचली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी खड्ड्यांचा विचारच केला नाही," ते म्हणाले. "आयरीन, गुरुवारी मी तुझ्या घरी येऊन जे बोललो ते मागे घेतो. पुस्तकातलं ते प्रकरण मी नव्याने लिहीन. आणि लाथ एका टोकाला, खांब दुसऱ्या टोकाला, हे तर माझ्या आधीच्या प्रकरणापेक्षा कितीतरी बरं आहे."

डेनलिंगर हसू दाबत होता. "चाळीस माणसांना लोखंड हललं नाही? माझ्या संघाला दाखवायला हवी ही वही."

"चोरी ती चोरीच," डॉक्टर मेरिक म्हणाल्या. त्या कठोर नव्हत्या, पण हसतही नव्हत्या. "मिस हालूश्का, शुक्रवारी विश्वस्तांना मी हे सांगणार. तुम्हीही या. पोलिसांकडे जायचं कारण मला दिसत नाही. वस्तू परत आली आहे, आणि आणणारी स्वतः आली आहे. लेनोरा, त्या किल्ल्या तुमच्याजवळच ठेवा. मी शनिवारची गोष्ट रविवारी सकाळी इतक्या घाईने ठरवायला नको होती."

"नव्हती ठरवायला हवी," लेनोरा म्हणाली, आणि किल्ल्यांची दोरी गळ्यात घातली.

बाहेरच्या लांब ओसरीत आयरीन तिच्या मागे मागे आली. मी जरा पुढे चालू लागलो, पण माझे कान अजून चांगले आहेत.

"लेनोरा. मला माफी..."

"आज नको मागूस."

"पण मी तुझ्यावर..."

"हो, आणलीस तू माझ्यावर पाळी. रविवारी रात्री मी किल्ल्या उशाशी घेऊन झोपले, शेवटची रात्र म्हणून. मला राग आहे, आयरीन. दोन दिवस तरी तो मला करू दे. आज माफ केलं तर ते तोंडदेखलं होईल."

आयरीन थांबली. "मग कधी येऊ?"

"बुधवारी."

"किती वाजता?"

"चारला," लेनोरा म्हणाली. "पाचला बंद होतं."

आणि ग्रंथालयाचं दार उघडून ती आत गेली.